पित्तनलिकेत खडा आणि स्वादुपिंडाला सूज: आधी ईआरसीपी की आधी पित्ताशय काढायचं?

कोरापान:

नमस्कार. सासूबाईंबद्दल विचारायचं आहे. वय ५८, वजन ६२ किलो. पोटाच्या वरच्या भागात जोराची कळ, पाठीपर्यंत जाणारी, सोबत उलट्या, म्हणून दाखल केलं. लायपेज (स्वादुपिंडाचं पाचकद्रव्य) १८४० (रिपोर्टवर वरची मर्यादा ६०), बिलिरुबिन (काविळीचा आकडा) ३.४, एसजीपीटी (यकृताची तपासणी) ३१०. सोनोग्राफीत पित्ताशयात बरेच बारीक खडे. मुख्य पित्तनलिका ९ मिमी, तिचा खालचा भाग गॅसमुळे दिसला नाही असं लिहिलं आहे. ताप नाही. आज तिसरा दिवस, दुखणं बरंच उतरलंय, बिलिरुबिन २.१.

मधुमेह आहे, त्यासाठी मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट टाकून १४ महिने झाले, ॲस्पिरिन ७५ आणि क्लोपिडोग्रेल ७५ चालू आहे.

पोटविकारतज्ज्ञ म्हणतात, आधी एमआरसीपी (एमआरआयवर पित्तनलिकेचं चित्र) किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफी (दुर्बिणीतून आतून केलेली सोनोग्राफी) करू, खडा दिसला तरच ईआरसीपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून नलिकेतला खडा काढणं. दुसरे एक डॉक्टर म्हणाले, थांबू नका, लगेच ईआरसीपी करून टाका. सर्जनचं म्हणणं पित्ताशय याच मुक्कामात काढू. घरच्यांचं म्हणणं, सूज पूर्ण उतरू दे, दीड महिन्याने बघू. कोणता क्रम बरोबर, आणि का? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं काय करायचं? आम्ही काय काय लक्षात ठेवून विचारावं?

दुर्बीण:

तुमचे पोटविकारतज्ज्ञ आणि सर्जन दोघंही बरोबर सांगताहेत. या आजारात काय करायचं यावर डॉक्टरांचं सहसा एकमत असतं, वाद होतो तो कधी करायचं यावर. म्हणून वेळेचंच नीट सांगतो.

पित्ताशयातला बारीक खडा खाली सरकतो आणि पित्तनलिका जिथे लहान आतड्यात उघडते त्या तोंडाशी, म्हणजे पॅपिलापाशी, अडकतो. स्वादुपिंडाची नळीही तिथेच उघडते. तिचा निचरा अडला की स्वादुपिंडातली पाचकद्रव्यं आतल्या आत जागी होतात आणि सूज येते. बऱ्याच रुग्णांत हा खडा एकदोन दिवसांत आपोआप आतड्यात निसटतो. दुखणं उतरणं, बिलिरुबिन ३.४ वरून २.१ वर येणं, ही खडा निसटल्याची किंवा निदान अडथळा सैल झाल्याची खूण आहे. खडा निसटला असेल तर ईआरसीपी करून हाती काहीच लागत नाही, उलट ईआरसीपीमुळेच स्वादुपिंडाला पुन्हा सूज येण्याचा धोका मात्र अंगावर घेतला जातो.

लगेच, म्हणजे २४ तासांच्या आत, ईआरसीपी हवी ती पित्तनलिकेत जंतुसंसर्ग असेल तर. थंडी वाजून ताप, वाढती कावीळ, उजव्या बरगडीखाली दुखणं, रक्तदाब घसरणं, गोंधळल्यासारखं बोलणं ही त्याची लक्षणं. मधुमेही किंवा वयस्कर माणसात ताप ठळक नसतो, त्यामुळे नाडी, रक्तदाब आणि पांढऱ्या पेशींकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. संसर्ग नसताना, आजार तीव्र होईल असा अंदाज असला तरी, घाईने केलेल्या ईआरसीपीचा फायदा होतो का, हे नेदरलँड्समधल्या ॲपेक या चाचणीत तपासलं गेलं. २०२० साली निष्कर्ष आले: मृत्यू आणि मोठ्या गुंतागुंती यांत फायदा दिसला नाही.

आता खडा अजून आहे की नाही हे कसं ठरवायचं. तपासणीत खडा प्रत्यक्ष दिसला, किंवा नलिकेत संसर्ग आहे, किंवा बिलिरुबिन ४ च्या वर आणि सोबत नलिका फुगलेली, यातलं एक असेल तर थेट ईआरसीपीकडे जातात. पित्ताशय जागेवर असताना नलिका ६ मिमीपर्यंत असेल तर ती साधारण मानतात. तुमच्याकडे नलिका ९ मिमी आहे पण बिलिरुबिन ४ च्या खाली आहे आणि उतरतंय. म्हणजे मधली पायरी, आणि मधल्या पायरीला आधी चित्र काढून बघणं हेच योग्य.

दोन पर्यायांत फरक आहे. एमआरसीपीत शरीरात काही घालावं लागत नाही, मात्र ५ मिमीपेक्षा लहान खडे त्यात निसटू शकतात आणि नेमके बारीक खडेच स्वादुपिंडाला त्रास देतात. एंडोस्कोपिक सोनोग्राफीत दुर्बिणीच्या टोकावरचा प्रोब लहान आतड्यातून नलिकेच्या अगदी शेजारी टेकतो, त्यामुळे बारीक खडे, गाळसुद्धा, दिसतो. शिवाय खडा दिसला तर त्याच गुंगीत ईआरसीपी उरकता येते. दोन्ही सोय असलेल्या ठिकाणी अशा केसमध्ये माझं मत एंडोस्कोपिक सोनोग्राफीच्या बाजूने. एमआरसीपी करायचं ठरलं तर हृदयातल्या स्टेंटचं कार्ड एमआरआय विभागाला दाखवा. त्या स्टेंटमुळे सहसा अडत नाही, पण त्यांना माहीत असलं पाहिजे.

पित्ताशयाबद्दल: सूज सौम्य असेल, म्हणजे कुठलाही अवयव निकामी झालेला नाही आणि स्वादुपिंडाभोवती पाणी साचलेलं नाही, तर याच मुक्कामात काढावं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाँचो चाचणीत हाच प्रश्न होता. त्याच मुक्कामात काढलेल्यांपैकी ५ टक्के रुग्णांना खड्यांमुळे पुन्हा दाखल व्हावं लागलं किंवा मृत्यू आला, साधारण महिनाभराने काढलेल्यांत ते प्रमाण १७ टक्के होतं. घरी पाठवून वाट बघण्याच्या काळातच दुसरा झटका येतो, आणि तो पहिल्यासारखा सौम्य असेलच याची खात्री नसते.

घरच्यांचं दीड महिन्याचं म्हणणं मुळीच चूक नाही, फक्त ते वेगळ्या रुग्णांना लागू होतं. स्वादुपिंडाचा भाग मृत झाला असेल किंवा भोवती पाणी साचलं असेल तर ते विरेपर्यंत किंवा त्याला पक्की भिंत येईपर्यंत थांबतात, साधारण ६ आठवडे. तेव्हा सर्जनना एवढंच विचारा: ‘भोवती पाणी साचलंय का?’ सगळा निर्णय या उत्तरावर आहे.

थेंबथेंब:

वरच्या उत्तरात प्रक्रियांचं आलं. पण पहिल्या दोनतीन दिवसांत रुग्णाचं भवितव्य जास्त ठरतं ते सलाइन, वेदनाशमन आणि जेवण यांवर, आणि नातेवाईक नेमके इथेच लायपेजच्या आकड्याकडे डोळे लावून बसतात. लायपेज एकदा तिप्पट वर गेलं आणि दुखणं जुळलं की निदान झालं. त्याचं काम तिथेच संपलं. १८०० आहे म्हणून आजार ६०० वाल्यापेक्षा गंभीर, असं नसतं. रोज लायपेज काढून सुया टोचण्यापलीकडे काही मिळत नाही.

बघायचं ते हे: नाडी, श्वासाचा वेग, ऑक्सिजन, लघवी, रक्तातलं युरिया, क्रिएटिनिन आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण). युरिया आणि हिमॅटोक्रिट पहिल्या २४ तासांत खाली आले तर सलाइन पुरतंय. वरच चढत राहिले तर रक्त घट्ट होतंय, पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतंय. लघवी ताशी वजनाच्या दर किलोमागे अर्धा मिली हवी. ६२ किलोला ताशी ३१ मिली, म्हणजे दिवसाला साधारण पाऊण लिटर. तेवढी होत नसेल तर लगेच सांगा.

सलाइनमध्ये रिंगर लॅक्टेटला पसंती. पूर्वी ‘जेवढं जास्त तेवढं चांगलं’ असा समज होता. २०२२ च्या वॉटरफॉल चाचणीत जोरदार सलाइन (किलोमागे २० मिली एकदम, मग ताशी ३ मिली) आणि बेताचं सलाइन (गरज असेल तरच किलोमागे १० मिली, मग ताशी १.५ मिली) यांची तुलना झाली. जोरदार गटात अंगात पाणी साठण्याचं प्रमाण २०.५ टक्के, बेताच्या गटात ६.३ टक्के, आणि आजार काही सौम्य झाला नाही. चाचणी मध्येच थांबवावी लागली. ६२ किलोच्या माणसाला बेताचा वेग म्हणजे ताशी ९० मिलीच्या आसपास. हृदयाचा आजार असलेल्या रुग्णात तर हे फारच जपायचं. पायावर सूज, झोपल्यावर धाप, ऑक्सिजन खाली येणं दिसलं तर ‘सलाइन चालू आहे, चांगलंच आहे’ असं धरून बसू नका.

वेदनेसाठी अफूवर्गातली इंजेक्शनं द्यायला हरकत नाही. स्वादुपिंडाच्या सुजेत ती देऊ नयेत ही जुनी भीती आता टिकलेली नाही. दुखण्यामुळे माणूस खोल श्वास घेत नाही आणि मग फुफ्फुसाच्या तळाला त्रास सुरू होतो, म्हणून दुखणं सोसायला सांगू नये.

अँटिबायोटिक: संसर्गाचा पुरावा नसेल तर लागत नाही. ‘सूज आहे म्हणून सुरक्षिततेसाठी’ दिल्याने मृत भागातला संसर्ग टळत नाही, पुढे बुरशी आणि न जुमानणारे जंतू मात्र वाढतात. पित्तनलिकेत संसर्ग असेल तर गोष्ट वेगळी, तिथे लगेच हवं.

आणि आता जे बहुतेकांकडून सुटतं ते. डापाग्लिफ्लोझिन दाखल झाल्या दिवशीच बंद झालंय का, हे आज विचारा. या गटातल्या गोळ्यांवर असलेला माणूस उपाशी राहिला किंवा उलट्या करत राहिला की रक्तातली साखर २०० च्या आतबाहेर असतानाही कीटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) वाढून रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. लक्षणं कोणती? मळमळ, उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास. सगळी स्वादुपिंडाच्या सुजेसारखीच, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि ग्लुकोमीटर बरा आकडा दाखवून सगळ्यांना गाफील ठेवतो. शंका आली तर रक्तातले कीटोन आणि रक्तवायूंची तपासणी. शस्त्रक्रियेच्या आधी ही गोळी किमान ३ दिवस बंद हवी, आणि जेवण नीट सुरू झाल्याशिवाय परत सुरू करायची नाही. मेटफॉर्मिनही तीव्र आजारपणात थांबवतात. रुग्णालयात साखर इन्सुलिनवर सांभाळणं सगळ्यात सरळ.

आणखी दोन तपासण्या झाल्यात का बघा: ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि कॅल्शियम. खडे दिसले म्हणून कारण खडेच, हे बहुतेक वेळा खरं असतं, पण मधुमेह्यांत ट्रायग्लिसराइड १००० च्या वर गेल्याने सूज आलेली असू शकते. आणि हे नमुने सुरुवातीलाच घ्यावे लागतात, कारण उपास आणि सलाइनने ट्रायग्लिसराइड भराभर उतरतं.

कोरापान:

दोघांचेही आभार, खूप स्पष्ट झालं. डापाग्लिफ्लोझिन पहिल्याच दिवशी थांबवलं होतं. हृदयरोगतज्ज्ञांनी क्लोपिडोग्रेल थांबवायला परवानगी दिली आहे, ॲस्पिरिन चालूच. क्लोपिडोग्रेल बंद होऊन २ दिवस झाले. आज एंडोस्कोपिक सोनोग्राफीत नलिकेच्या खालच्या टोकाला ५ मिमीचा एक खडा आणि थोडा गाळ दिसला. भोवती पाणी साचलेलं नाही. ताप नाही, बिलिरुबिन १.९ वर अडकलंय. म्हणजे ईआरसीपी लागणार. उद्याच करावी की क्लोपिडोग्रेलचे दिवस भरू द्यावेत? आणि ईआरसीपीत नेमकं काय करतात, आधी आणि नंतर आम्ही काय बघायचं?

दुर्बीण:

संसर्ग नाही, कावीळ वाढत नाही, तर दिवस भरू द्या. पॅपिलाला छेद देण्याआधी क्लोपिडोग्रेल किमान ५ दिवस बंद असावं असा प्रघात आहे, ॲस्पिरिन चालू ठेवून छेद देता येतो. प्लेटलेट ५०,००० च्या वर आणि आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा) १.५ च्या आत, हेही बघतात.

मधल्या काळात थंडी-ताप आला तर थांबायचं नाही. तेव्हा छेद न देता नलिकेत प्लास्टिकचा स्टेंट सरकवून निचरा मोकळा करतात आणि खडा नंतर काढतात. छेदाऐवजी फक्त फुग्याने तोंड रुंद करण्याचा पर्यायही आहे. त्यात रक्तस्राव कमी, पण स्वादुपिंडाची सूज होण्याचा धोका वाढतो, म्हणून रक्त गोठण्याची खरी अडचण असेल तेव्हाच तो निवडतात. तुमच्याकडे तीन दिवस मिळताहेत, तर दोन्ही टाळता येतं.

इतर वाचणाऱ्यांसाठी: हृदयात स्टेंट नुकताच, काही महिन्यांपूर्वीच टाकला असेल तर क्लोपिडोग्रेल परस्पर थांबवू नका. पोटातला खडा काढताना हृदयातला स्टेंट बंद पडला तर ते कितीतरी महागात पडतं. हृदयरोगतज्ज्ञांचं लेखी मत फाइलला लावा.

स्कोपरूम:

ईआरसीपीच्या खोलीत काय होतं ते सांगते, म्हणजे संमतीपत्रावर सही करताना कशाला हो म्हणतोय ते कळेल.

तयारी: ६ तास अन्न बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत. कवळी, दागिने, नखांचा रंग काढायचा. कॉन्ट्रास्टची (एक्स-रेवर नलिका दिसावी म्हणून सोडायच्या द्रव्याची) किंवा कुठल्याही औषधाची ॲलर्जी, पेसमेकर, पूर्वी पोटावर झालेली शस्त्रक्रिया हे आधी सांगायचं. जठराची बायपाससारखी शस्त्रक्रिया झाली असेल तर नेहमीच्या वाटेने पॅपिलापर्यंत पोहोचताच येत नाही, आणि हे टेबलावर कळण्यात अर्थ नाही. वजन किंवा मधुमेहासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन चालू असेल तर भूलतज्ज्ञांना मुद्दाम सांगा. त्याने जठर उशिरा रिकामं होतं, आणि ६ तास उपाशी असूनही पोटात अन्न सापडतं. सलाइनची सुई उजव्या हाताला असलेली सोयीची, कारण रुग्णाला पालथं किंवा डाव्या कुशीवर झोपवतात.

गुंगी किंवा पूर्ण भूल दिल्यावर दुर्बीण तोंडातून जठर ओलांडून लहान आतड्याच्या पहिल्या वळणावर जाते. नेहमीच्या एंडोस्कोपीत कॅमेरा समोर बघतो, या दुर्बिणीत तो बाजूला बघतो, कारण पॅपिला आतड्याच्या बाजूच्या भिंतीवर असते: गुलाबी, उंचवट्यासारखी, टोकाला जेमतेम दिसणारं तोंड. बारीक कॅथेटर आणि त्यातून ०.०२५ किंवा ०.०३५ इंचाची मऊ टोकाची तार त्या तोंडातून वर पित्तनलिकेत न्यायची असते. खरी कसोटी इथेच आहे. पित्तनलिका घड्याळातल्या अकराच्या दिशेने वर जाते, स्वादुपिंडाची नळी एकच्या दिशेने, आणि दोघींची तोंडं एकाच ठिकाणी. तार चुकून स्वादुपिंडात गेली, पुन्हा पुन्हा प्रयत्न करावे लागले, तिथे कॉन्ट्रास्ट सोडला गेला, की तोंड सुजतं आणि सुजेने निचरा अडतो. ५ पेक्षा जास्त प्रयत्न, ५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ, किंवा स्वादुपिंडाच्या नळीत एकापेक्षा जास्त वेळा तार गेली, तर ते अवघड कॅन्युलेशन (नलिकेत तार नेणं) धरतात आणि नंतर जास्त काळजी घेतात.

तार बरोबर जागी गेली की कॉन्ट्रास्ट सोडून एक्स-रेवर नलिका आणि खड्याची सावली बघतात. मग विजेच्या तारेने पॅपिलाला छोटा छेद, फुगा खड्याच्या वर नेऊन फुगवायचा आणि खाली ओढायचा. ५ मिमीचा खडा बहुधा पहिल्या-दुसऱ्या ओढीत येतो. शेवटी पुन्हा फुगा फुगवून कॉन्ट्रास्ट सोडतात, नलिका रिकामी झाली की नाही बघायला. अहवालात ‘नलिका मोकळी’ असं स्पष्ट लिहिलंय का, हे तुम्ही नक्की वाचा.

धोके: सगळ्यात जास्त आढळतो तो ईआरसीपीनंतरची स्वादुपिंडाची सूज, साधारण ३ ते १० टक्के रुग्णांत, बहुतेकांत सौम्य. ती कमी करण्याचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे प्रक्रियेच्या लगेच आधी गुदद्वारातून १०० मिग्रॅ इंडोमेथासिन किंवा डायक्लोफेनॅकची सपोझिटरी. याची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा मोठा बिघाड नसेल तर ‘सपोझिटरी देणार का?’ हे विचाराच. उपाय लहान आहे म्हणून गर्दीच्या दिवशी राहून जाऊ शकतो. तार वारंवार स्वादुपिंडात गेली असेल तर तिथे एक छोटा प्लास्टिक स्टेंट ठेवतात. तो बहुधा आपोआप पडतो, पण पडला की नाही हे दोनेक आठवड्यांत पोटाच्या एक्स-रेवर बघावं लागतं, आतच राहिला तर एंडोस्कोपीने काढतात. छेदातून रक्तस्राव एकदोन टक्क्यांत, आतड्याला छिद्र एक टक्क्याहून कमी.

नंतर: पोट फुगल्यासारखं वाटणं, घसा दुखणं चालतं. जोराची, पाठीत जाणारी कळ आणि उलट्या चालत नाहीत. शंका असेल तर ४ तासांनी लायपेज काढतात आणि इथे मात्र त्या आकड्याचा उपयोग होतो: तो साधारण असेल तर सूज नाही असं बऱ्यापैकी विश्वासाने म्हणता येतं. मानेखाली किंवा छातीवर कातडीखाली हवा कुरकुरल्यासारखी लागली, पोट लाकडासारखं ताठ झालं, तर तातडीने सीटी, छिद्राची शक्यता असते. काळी, डांबरासारखी शौच आणि चक्कर म्हणजे रक्तस्राव, आणि तो दोन आठवड्यांपर्यंत कधीही होऊ शकतो. सासूबाई ॲस्पिरिनवर आहेत आणि पुढे क्लोपिडोग्रेल परत सुरू होणार, म्हणून शौचाच्या रंगाकडे तेवढे दिवस लक्ष ठेवा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, त्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा.

चारछिद्रं:

शस्त्रक्रियेबद्दल थोडं. ईआरसीपीने खडा निघाला म्हणून पित्ताशय ठेवून द्यायचं, हा मोह फार जणांना होतो. छेद दिल्याने पुढचा खडा आतड्यात निसटायला वाट मिळते, स्वादुपिंडाच्या सुजेचा धोका कमी होतो. पण पित्ताशयाची सूज, कळा, नलिकेत नवे खडे हे चालूच राहतं. भूल अजिबात झेपणार नाही अशा रुग्णातच फक्त छेदावर भागवतात.

ईआरसीपीनंतर शस्त्रक्रिया जितकी लवकर तितकं बरं, शक्य असेल तर त्याच मुक्कामात आणि उशिरात उशिरा दोन आठवड्यांत. थांबल्याने पित्ताशयाच्या मुळाशी ऊती चिकटत जातात आणि दुर्बिणीने सोडवणं अवघड होतं. क्लोपिडोग्रेल बंद आहे तोवरच दोन्ही उरकलं तर ते दुसऱ्यांदा थांबवावं लागत नाही. सासूबाईंसाठी हा मोठा फायदा आहे, दोन्ही विभागांना एकत्र तारखा ठरवायला सांगा. काही केंद्रांत एकाच भुलेत दुर्बिणीने पित्ताशय काढून नलिकाही साफ करतात. सर्जनचा हात त्यात बसलेला असेल तर तोही तितकाच चांगला मार्ग.

सर्जनना विचारण्यासारखं एकच: ‘रचना स्पष्ट दिसली नाही तर काय कराल?’ पित्ताशयाकडे जाणाऱ्या फक्त दोनच गोष्टी, एक नळी आणि एक धमनी, यकृताच्या तळापासून मोकळ्या करून दिसल्याशिवाय काही कापायचं नाही, हा नियम. सुजेमुळे ते दिसलं नाही तर पित्ताशयाचा काही भाग ठेवून थांबतात किंवा पोट उघडतात. पोट उघडलं म्हणजे शस्त्रक्रिया फसली, असा अर्थ नातेवाईकांनी काढू नये. मुख्य पित्तनलिका कापली जाणं हे खरं संकट, त्यापुढे मोठी जखम काहीच नाही.

घरी गेल्यावर दिवसागणिक दुखणं कमी व्हायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाढलं, पोट फुगलं, ताप आला, डोळे पिवळे झाले, तर पित्त गळत असल्याची शक्यता. ‘शस्त्रक्रियेनंतर दुखणारच’ म्हणून घरी बसू नका.

पथ्यपाणी:

जेवणाबद्दल घरोघरी फार गैरसमज आहेत म्हणून लिहितो. सौम्य सुजेत उलट्या थांबल्या आणि भूक लागली की खायला सुरू करावं, बहुतेकांना २४ ते ७२ तासांत जमतं. लायपेज उतरायची वाट बघायची नाही. आधी पाणी, मग पेज, मग मऊ, असे टप्पेही लागत नाहीत. कमी स्निग्धांशाचं मऊ जेवण सरळ देता येतं. आतडं उपाशी ठेवलं की त्याच्या अस्तराची तटबंदी ढासळते आणि तिथले जंतू मृत भागात पोहोचतात. तोंडाने जमत नसेल तर नाकातून नळी, ती जठरात असली तरी चालते. शिरेतून पोषण हा शेवटचा उपाय.

पित्ताशय काढल्यावर कायमचं पथ्य नसतं. पहिले काही आठवडे एका वेळी खूप तेल-तूप न घेता थोडं थोडं खायचं, काहींना पातळ शौच होते, ती बहुधा आपोआप थांबते.

तीव्र सूज येऊन गेलेल्यांनी मात्र पुढचे महिने लक्ष ठेवावं. शौच तेलकट, पाण्यावर तरंगणारी, धुतली तरी भांड्याला चिकटणारी, आणि खाऊनही वजन उतरतंय, तर स्वादुपिंडाची पाचकद्रव्यं कमी पडताहेत. शौचातलं इलास्टेज (स्वादुपिंडाचं एक पाचकद्रव्य) २०० च्या खाली आलं तर त्याला दुजोरा मिळतो. फक्त नमुना पातळ शौचेचा नसावा, आकडा खोटाच कमी येतो. एन्झाइमच्या कॅप्सूल मुख्य जेवणासोबत लायपेजच्या ४०,००० ते ५०,००० युनिटच्या मापाने, मधल्या खाण्यासोबत निम्म्या. पहिल्या घासाबरोबर सुरू करायच्या, मोठं जेवण असेल तर एक मध्ये. जेवणाच्या अर्धा तास आधी घेतल्या तर त्या जेवणाला गाठतच नाहीत, आणि मग ‘औषध लागू पडत नाही’ असं म्हणून सोडल्या जातात.

कोरापान:

सगळं छापून फाइलला लावलंय. तीन दिवसांनी ईआरसीपी आणि लगोलग शस्त्रक्रिया असं दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवलं आहे. एक शेवटचं: समजा खडा पूर्ण निघाला नाही आणि नलिकेत स्टेंट ठेवला, तर?

स्कोपरूम:

तर त्या स्टेंटची तारीख सोडू नका. पित्तनलिकेतला प्लास्टिक स्टेंट ३ महिन्यांच्या आत काढावा किंवा बदलावा लागतो. त्यानंतर तो गाळाने तुंबतो, कावीळ आणि थंडी-ताप घेऊन रुग्ण परत येतो, आणि वर्षानुवर्षं विसरलेल्या स्टेंटभोवती नवा खडा तयार झालेला सापडतो. स्टेंट असताना काहीच दुखत नाही, म्हणून तो विसरला जातो. डिस्चार्ज कागदावर स्टेंटचा प्रकार, टाकल्याची तारीख आणि काढायची तारीख तिन्ही लिहून घ्या, आणि काढायची वेळ घेऊनच बाहेर पडा. सीटी, एमआरसीपी केलं असेल तर नुसता अहवाल नको, चित्रांची डिस्कही मागा. दुसरीकडे जावं लागलं तर तिथल्या डॉक्टरांना मूळ चित्रंच लागतात.